साहेब नसलेले साहेब

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी व्यक्ती असेलच. हुद्दा तुमच्याइतकाच, पगारही साधारण तेवढाच, पण हुकूम साहेबांचे. ‘मला दाखवल्याशिवाय मेल पाठवू नकोस’, ‘जेवायला आज इतका वेळ?’ खुर्चीमागे उभं राहून स्क्रीन वाचणं तर रोजचंच.

मी इंदूरला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते. आमच्याकडे तारखांना फार मान. 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला जीएसटीआर-3बी. हे शेवटचं चुकलं तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क. शेजारच्या टेबलावरच्या ताई (वयाने मोठ्या म्हणून ताई) माझं प्रत्येक रिटर्न ‘एकदा नजरेखालून घालते’ म्हणत 19 तारखेच्या संध्याकाळपर्यंत अडवून ठेवायच्या. वर साहेबांना सांगायच्या, ‘तिला अजून जमत नाही, मलाच बघावं लागतं.’ शिकवणारं माणूस चूक आधी तुम्हाला दाखवतं, साहेबांना नाही. एवढ्यावरून ओळखा.

अशांशी भांडू नका. भांडणात ती माणसं तरबेज असतात आणि बघणाऱ्यांना तुम्हीच तापट वाटता. मी सरळ साहेबांना विचारलं, ‘माझं काम तपासायचं कुणी?’ ते म्हणाले, ‘थेट माझ्याकडे पाठवा.’ तेच दोन ओळींत मेल केलं, ताईंना सीसीत ठेवून. पुढच्या महिन्यात ताईंनी फाइल मागितली, तेव्हा म्हटलं, ‘ताई, साहेबांकडे गेलीय. काही दिसलं तर त्यांनाच सांगा ना.’ आवाज चढवला नाही. त्यानंतर दोन आठवडे अबोला, चहाही वेगळा. ते जड जातं, खोटं कशाला सांगू!

मैत्रिणी विचारतात, ऑफिसातल्या समितीकडे तक्रार करता येईल का? 2013 च्या कायद्याने 10 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, पण ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी. नुसत्या दादागिरीसाठी एचआर गाठावं लागतं. तिथे ‘त्या फार त्रास देतात’ एवढं पुरत नाही. कोणत्या तारखेला काय म्हणाल्या, समोर कोण होतं, कोणतं काम अडलं, हे वहीत लिहिलेलं असावं. मी लिहीत होते, पण एचआरपर्यंत जायची वेळ आली नाही.

आता ताईंचं लक्ष नव्याने आलेल्या मुलाकडे वळलंय. परवा त्याने हळूच विचारलं, ‘मॅडम, आधी ताईंना दाखवायचं असतं का?’

मी त्याला माझा तो जुना मेल फॉरवर्ड केला.