काचपेटीखालचा डबा

घरात मासे असावेत की नसावेत, हा वाद आमच्याकडे अजून पुरता मिटलेला नाही. जीव काचेत कोंडून त्याची शोभा पाहणे आपल्या घराला साजत नाही, असे सौभाग्यवतींचे मत आहे आणि ते मला मान्य आहे. परंतु तळमजल्यावरील शेजारी मुलाकडे कायमचे परदेशी निघाले, तेव्हा त्यांची तीन फुटी काचपेटी आणि तिच्यातील चार गोल्डफिश यांना कोणाचे तरी घर हवे होते. ‘नदीत सोडून द्या’ असे सुचविणारेही भेटले. हौशी मंडळींनी सोडून दिलेल्या सकरमाउथ कॅटफिशने पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशासह देशातील अनेक जलाशयांत स्थानिक माशांची जागा बळकावली आहे. त्यामुळे अशा सुटकेत जीवदया कितपत, हा प्रश्नच आहे. अखेर नवा मासा आणायचा नाही आणि आलेल्यांची हेळसांड होऊ द्यायची नाही, अशी आमची तडजोड झाली. गोल्डफिश नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे जगतो. माझे वय सदुसष्ट. म्हणजे ठेव दीर्घ मुदतीचीच म्हणायची.

पेटीच्या काठाला अडकवलेला जुना फिल्टर कुरकुरू लागला होता. गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो, म्हणून पेटीखालच्या कपाटात बसणारा मोठा कॅनिस्टर फिल्टर घ्यावयाचे ठरले. हा एक झाकणबंद डबा असतो. पेटीतील पाणी नळीवाटे आपल्याच भाराने खाली उतरते, डब्यातील स्पंज व चिनी मातीच्या सच्छिद्र कड्यांमधून जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवितो.

दुकानात प्रथम दाखविला जातो तो खोक्यावरचा आकडा: ताशी इतके लिटर. कर्जाचा जाहिरातीतील व्याजदर आणि प्रत्यक्ष पडणारा दर यांतील अंतर ज्याने आयुष्यभर पाहिले, त्याला हा आकडा लगेच खटकतो. तो बहुधा डबा रिकामा असताना व पाणी वर चढवावे लागत नसताना मोजलेला असतो. स्पंज आणि कडी भरली, चार फूट चढ आला की प्रवाह बराच घटतो. आमची पेटी 36 इंच लांब, 18 इंच रुंद व 18 इंच उंच. बाहेरील मापाने 191 लिटर भरतात. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे 160. पेटीतील सर्व पाणी तासाला चार-पाच वेळा फिरावे, असा सर्वसाधारण संकेत आहे; म्हणजे प्रत्यक्ष 650 ते 800 लिटर हवेत. म्हणून मी खोक्यावर 1400 लिहिलेला पाहिला. वीज 20 वॉट, महिन्याला साधारण साडेचौदा युनिट.

तथापि माझ्या मते खरी निवड प्रवाहावर ठरत नाही. नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि माशाला मात्र जाळतो. त्या कड्यांवर वस्तीला असलेले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे त्यामानाने सौम्य असे नायट्रेट करतात. तेव्हा डबा घेताना त्यात या वस्तीसाठी जागा किती, हे आधी पाहावे. ही वस्ती नव्याने बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जुना फिल्टर आम्ही लगेच काढला नाही. महिनाभर दोन्ही एकत्र चालविले आणि नंतर जुन्याचा मळका स्पंज तसाच नव्या डब्यात बसविला.

तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जिवाणू मरतात. म्हणून पेटीतीलच पाणी बादलीत काढून त्यात तो खळबळावा लागतो. हे सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, “मग यात नवीन ते काय?” त्यांच्या माहेरी विहिरीचे पाणी फडक्यातून गाळले की ते फडके गाळलेल्याच पाण्याने उलटे धुऊन त्यातील जीव त्याच विहिरीत परत सोडीत. त्या दिवसापासून स्पंज धुण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे.

दुकानदार ज्याविषयी आपणहून बोलत नाहीत, तो प्रश्न विजेचा. वीज गेली की बंद डब्यातील जिवाणू तेथला प्राणवायू काही तासांत संपवितात आणि मरू लागतात. वीज आल्यावर डबा तसाच सुरू झाला, तर ते सडके पाणी माशांवर येते. 2019 च्या महापुरात सांगलीच्या कित्येक भागांत वीज किती दिवस नव्हती, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून 20 वॉटचा हा पंप इन्व्हर्टरवर घेतला. शिवाय जोडीला बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप ठेवला. खंड मोठा पडलाच, तर डबा उघडून आतील पाणी फेकायचे, स्पंज खळबळायचा आणि मगच बटण दाबायचे.

उरल्या किरकोळ गोष्टी. नळ्यांना बंद करण्याच्या तोट्या असाव्यात, म्हणजे डबा धुताना घरभर पाणी होत नाही. झाकणाची रबरी कडी सुटी मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. गळती होते ती तेथूनच. त्या कडीला सिलिकॉनचे ग्रीस लावावे, व्हॅसलीन नव्हे, कारण त्याने रबर फुगते. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर स्पंजची टोपी हवीच. एरवी लहान जीव आत ओढला जातो. ही टोपी खोक्यात नव्हती, वेगळी घ्यावी लागली.

आता दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलतो आणि चाचणीच्या थेंबांनी अमोनिया पाहून वहीत नोंद करतो. गेल्या आठ महिन्यांत त्या रकान्यात शून्याखेरीज काही लिहावे लागलेले नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सौभाग्यवती माझ्या आधीच बादली घेऊन तयार असतात.