बाँडची साहेबीण

रविवारी दुपारी टी.व्ही.वर जेम्स बाँड असला की आमच्याकडे जेवणं लवकर उरकतात. हे आणि चिरंजीव पुढे, मी मागे लसूण सोलत. खरं सांगू? तो बाँड मला कधी फारसा भावलाच नाही. इतक्या उड्या मारतो, धुळीत लोळतो, आणि शर्टाला सुरकुती म्हणून नाही! ते शर्ट धुतं कोण, इस्त्री करतं कोण, हे काही कुठल्या सिनेमात दाखवत नाहीत. मी बसते ती त्याच्या साहेबासाठी, 'एम'साठी.

एक अक्षर, एवढंच त्याचं नाव. इयान फ्लेमिंगची पहिली बाँडकथा १९५३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून हा साहेब आहे. निवृत्त व्हायच्या वयाचा नौदलातला अधिकारी, तोंडात पाइप, कपाळाला आठी. १९६२ च्या 'डॉ. नो' सिनेमात तो बाँडचं आवडतं पिस्तूल काढून घेतो आणि दुसरंच हातात देतो. बाँड जुनं गुपचूप न्यायला बघतो, तर साहेबाचं बरोबर लक्ष! (ह्यावर आमचे हे म्हणाले, "माझी जुनी स्कूटर तू अशीच विकायला लावलीस." मी ऐकलं नाहीसं केलं.)

बर्नार्ड ली या नटानं १९७९ पर्यंत अकरा सिनेमांत हा साहेब रंगवला. १९८१ च्या सुरुवातीला तो वारला, तर त्या वर्षीच्या सिनेमात 'साहेब रजेवर आहेत' असं सांगून वेळ मारून नेली. दुसरा माणूस लगेच त्या खुर्चीत बसवला नाही, हे मला फार आवडलं.

पुढे १९९५ साली 'गोल्डनआय'मध्ये त्या खुर्चीत चक्क बाई आली. ज्युडी डेंच. आखूड पांढरे केस, साधा कोट, आणि पहिल्याच भेटीत बाँडला सुनावते की तुझ्यासारख्या पुरुषांचा जमाना गेला. मी लसूण बाजूला ठेवला. तिकडच्या अंतर्गत हेरखात्यावर, म्हणजे एम.आय.५ वर, स्टेला रिमिंग्टन या बाई १९९२ सालीच प्रमुख झाल्या होत्या. पण बाँडचं खातं ते एम.आय.६. तिथे खरोखरीची बाई प्रमुख व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. ब्लेझ मेट्रेवेली त्यांचं नाव. सिनेमावाल्यांनी तीस वर्षं आधी जे केलं, ते सरकारला आत्ता सुचलं. त्या खऱ्या प्रमुखाला 'एम' नाही, 'सी' म्हणतात, आणि सही हिरव्या शाईनं करायचा रिवाज आहे.

मग हा 'एम' आला कुठून? युद्धात फ्लेमिंग ज्यांच्या हाताखाली होता, ते नौदलाचे गुप्तवार्ताप्रमुख गॉडफ्री, असं सहसा सांगतात. पण त्याचे चरित्रकार जॉन पिअर्सन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. लहानपणी फ्लेमिंग आपल्या आईला 'एम' म्हणायचा! त्याचे वडील १९१७ मध्ये लढाईत मारले गेले, तेव्हा तो नऊ वर्षांचाही नव्हता. चार मुलगे आणि एकटी आई. वर मृत्युपत्रात अट अशी, की पुन्हा लग्न केलं तर इस्टेटीतला मोठा हिस्सा सोडायचा. ती बाई कडक होती म्हणतात. न होऊन काय करील?

हे वाचलं आणि मला आमची आई आठवली.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा सुरू झालेली, आणि मधल्या सुट्टीत बाबा गेले. एकाएकी. पाचव्या दिवशी अर्थशास्त्राचा पेपर. घर पाहुण्यांनी भरलेलं, मी कोपऱ्यात. आई आली आणि म्हणाली, "अकराला पेपर आहे ना? ऊठ, आंघोळ कर." आत्या म्हणाली, "अगं वहिनी, पोरगी सुतकात आहे, वर्ष गेलं तर गेलं." आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांचं पेन माझ्या हातात दिलं आणि पाठ फिरवून आत गेली. डोळ्यांत टिपूस नाही. मी पेपर दिला, पास झाले, त्याच पदवीवर आज शाळेत अर्धवेळ शिकवते आहे. पण त्या पाठ फिरवण्याचा राग मनात राहिला तो राहिलाच. इतकी वर्षं मी तो विषयच काढला नाही.

परवा 'स्कायफॉल' लागला होता, २०१२ चा. त्यात सुरुवातीलाच 'एम'ला निर्णय घ्यावा लागतो. बाँड आणि शत्रू चालत्या आगगाडीवर झटापट करतायत, हातातल्या बंदुकीचा नेम नक्की कुणाला लागेल सांगता येत नाही. ती लंडनमधून हुकूम देते, गोळी झाड. गोळी बाँडलाच लागते. सगळे सुन्न. आणि ती काही न बोलता खिडकीकडे वळते. पाठमोरी.

चिरंजीव म्हणाले, "किती दुष्ट आहे ही!" मी म्हटलं, "गप्प बस." माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण ह्यांनी वळून पाहिलं.

शेवटी तीच बाई बाँडच्या मिठीत प्राण सोडते, आणि टेबलावरचा आपला चिनी मातीचा बुलडॉग त्याच्यासाठी ठेवून जाते. बाबांचं पेन माझ्या कपाटात आहे. निब केव्हाच मोडलंय.

रात्री मी आईला फोन लावला. गुडघ्यांचं झालं, भाजीच्या भावांचं झालं. मग विचारलं, "आई, त्या दिवशी मी पेपरला गेल्यावर तू काय केलंस गं?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काय करणार? तू उपाशी गेलीस हे तू फाटकाबाहेर पडल्यावर लक्षात आलं. डबा भरला आणि घेऊन बसले मोरीपाशी. तिथे कुणी येत नव्हतं." आणि जरा थांबून, "कसा गेला होता गं तो पेपर? तू तेव्हा सांगितलंच नाहीस."

"बरा गेला होता," मी म्हटलं. "शेवटचा प्रश्न तेवढा राहिला."