विजेचा तंबोरा

वडील श्रावणात गेले. दिवाळीपासून आई पुन्हा त्यांचा रेकॉर्ड प्लेअर लावू लागली. संध्याकाळी पाच वाजता भीमसेनांची एक एल.पी., एवढाच तिचा नेम. होळी झाली आणि गाण्यामागून ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू झाला. जणू दुसराच कोणी तंबोरा घेऊन बसला होता, आणि तोही बेसूर! आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आंदोलनांची. भीमसेनांच्या षड्जाची तिला काय पर्वा?

मी पडलो हिशेबनीस. पण वडिलांचे यंत्र आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ही कबुली कोणता मुलगा देईल? प्रथम सुईला दोष दिला, नवी आणली. मग धुळीला. नगरची धूळ कोणत्याही आरोपाला पुरी पडते. पण धुळीचा आवाज तडतड असतो, घूं नव्हे. रेकॉर्डवर चरा असता तर दर फेरीला, म्हणजे पावणेदोन सेकंदांनी, ‘टक्’ झाले असते. एका दुरुस्तीवाल्याने आठवडाभर यंत्र ठेवून घेतले, पैसे घेतले, आणि घूं जशीच्या तशी परत दिली.

शेवटी शांतपणे बसलो. सुई उचलून धरली, आवाज चालूच. तबकडी थांबवली, तरी चालूच. म्हणजे रेकॉर्ड निर्दोष, मोटरही निर्दोष. सुईच्या दांडीला बोट लावले आणि आवाज निम्मा झाला! बोट काढले, पुन्हा घूं. सुईतून निघणारी वीज व्होल्टच्या काही हजारांश भागाइतकी. तिला अॅम्प्लिफायर शेकडो पटींनी मोठी करतो. त्यातही रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम बारीक कोरलेला असतो, म्हणून तो मधल्या सुरांहून सुमारे सातपट अधिक उचलावा लागतो. अशा ठिकाणी अर्थिंग ढिले असले की भिंतीतली वीज गायला बसणारच. पण प्लेअरची तार अॅम्प्लिफायरला घट्ट होती आणि तिथून परसातल्या खड्ड्यापर्यंतची तारही शाबूत होती.

त्याच आठवड्यात आईच्या हाताला यंत्राच्या पत्र्याने मुंग्या आणल्या. मी घाबरलो. “आई, हे आता घरात नको. काढून टाकू.” पत्नीनेही मान हलवली. आई काही बोलली नाही. तिने एल.पी. पाकिटात घातली, पाकीट पुसले आणि स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी चहा देताना म्हणाली, “अरे, ते तिथं पाणी घालायचे.”

“कुठं?”

“परसात, त्या लोखंडी झाकणाखाली. उन्हाळाभर, रोज. मी म्हणायची, झाड नाही, झुडूप नाही, कशाला पाणी वाया घालवता?”

आम्ही भावंडे त्यावरून वडिलांची थट्टा करत असू, हे मला आठवले आणि चहा कडू लागला. नगरची जमीन पर्जन्यछायेतली. पावसाळ्यात ओल होती, थंडीतही थोडी टिकली. फाल्गुनात खड्डा कोरडा पडला आणि कोरडी माती वीज पोटात घेईना. सगळे पंचांग डोळ्यांसमोर असून मी सुया बदलत बसलो होतो!

दोन बादल्या ओतल्या. दुपारी यंत्र लावले. घूं नव्हती. भीमसेनांच्या मागे आता त्यांचाच तंबोरा होता. आई पदराने चष्मा पुसत राहिली. मी उगीच पाकिटावरचा मजकूर वाचला.

मुंग्यांची भीती मात्र मनातून जाईना. म्हणून वायरमन बोलावला. त्याने मीटर लावून पाहिले, गंजलेली पट्टी बदलली, मीठ-कोळसा घालून खड्डा नवा भरला आणि “आजी, आता रोज पाणी लागणार नाही,” असे बजावून सांगितले. आईने ते ऐकून घेतले.

पाच वाजले की ती आधी तांब्या घेऊन परसात जाते, मग रेकॉर्ड लावते.