विमानाचा जन्मदाखला

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या वाटेवर बेलोरा नावाचे गाव आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथील विमानतळावर मुंबईहून प्रवाशांना घेऊन येणारे नियमित सेवेचे पहिले विमान उतरले. तोपर्यंत वऱ्हाडातील बहुतेक मुलांनी विमान पाहिले होते ते उंच आकाशात, चिमणीएवढे. आवाज आधी यावयाचा आणि मग शेतात उभे राहून, डोळ्यांवर हात धरून, ते शोधावयाचे! आता ते जवळून पाहण्याची सोय झाली.

विमान जवळून पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम त्याच्या पंखांकडे जाते, मग चाकांकडे, मग खिडक्यांच्या ओळीकडे. परंतु थोडे निरखून पाहिले, म्हणजे त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत लिहिलेली एक खूण दिसते. प्रथम ‘व्हीटी’ ही दोन अक्षरे, मग एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे आणखी तीन अक्षरे. प्रत्येक भारतीय नागरी विमानावर ही खूण असते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, त्या लहानशा विमानावरही ‘व्हीटी-एडीएन’ अशी अक्षरे होती. पहिली दोन अक्षरे देशाची आणि उरलेली तीन त्या एका विमानाची. ही पाच अक्षरे एका विमानास दिली, की ती दुसऱ्या कोणत्याही विमानावर असत नाहीत.

वऱ्हाडच्या माणसाला अशा खुणेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. अकोला आणि अमरावती ही कापसाची गावे. येथील कारखान्यांत कापसातून सरकी निघते, रुई दाबली जाते आणि तिच्या घट्ट गाठी बांधल्या जातात. १९२५ सालच्या एका कायद्याने असे ठरवून दिले, की प्रत्येक गाठीवर ती जेथे दाबली गेली त्या कारखान्याची खूण आणि तिचा क्रमांक असलाच पाहिजे. गाठ दूरच्या गिरणीत जाऊन पोहोचते. ती विकत घेणारा अकोल्याला कधी आलेला नसतो. रुई कोणी दाबली, हे त्याने पाहिलेले नसते. पण गाठीत दगड निघाला किंवा ओली रुई निघाली, तर ती खूण त्याला बरोबर त्या कारखान्याच्या दारापर्यंत आणून सोडते. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याने आपल्यावर विश्वास ठेवावा, यासाठी ही खूण असते.

विमानाच्या अंगावरील अक्षरांचेही तसेच आहे. विमान एका देशातून दुसऱ्या देशात जाते. ते कोणाचे, कोठले आणि त्याच्याबद्दल कोण जबाबदार, हे सर्वांना कळले पाहिजे. १९४४ साली अमेरिकेतील शिकागो शहरी अनेक राष्ट्रांनी मिळून एक करार केला. त्यात असे ठरले, की एका विमानाची नोंद एका वेळी एकाच देशात असावी आणि परदेशी जाणाऱ्या विमानाने आपली कागदपत्रे बरोबर बाळगावीत. पुढे असेही ठरले, की विमानाच्या आत दाराजवळ आगीत न वितळणाऱ्या धातूची एक पट्टी बसवावी आणि तिच्यावर तीच अक्षरे कोरावीत. सारे जळून गेले, तरी विमानाची ओळख मागे राहावी, असा त्यामागील गंभीर हेतू आहे.

या कागदपत्रांत दोन कागद मुख्य होत. पहिला नोंदणीचा. हा विमानाचा जन्मदाखलाच म्हणावा. हे विमान आहे, ते अमुक माणसाचे आहे आणि त्याचे नाव देशाच्या वहीत चढले आहे, एवढेच तो सांगतो. दुसरा कागद उड्डाणयोग्यतेचा. हे विमान तपासले आहे आणि ते उडण्यास योग्य आहे, असे तो सांगतो. मुलाचा जन्म नोंदला गेला म्हणून ते धावू लागत नाही. त्याचप्रमाणे नोंदणी झाली म्हणून विमानाला आकाशात जाता येत नाही. हे दोन्ही कागद आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते.

मोठे कारखाने विमाने बांधतात, तेव्हा त्यांच्यापाशी शेकडो तज्ज्ञ असतात. कागदांची कामे तेच पाहतात. परंतु एखाद्या माणसाने आपल्या घरीच विमान बांधले तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. महाराष्ट्रात ही गोष्ट खरोखरच घडली आहे.

मुंबईच्या कांदिवली भागात अमोल यादव नावाचे वैमानिक आपल्या मोठ्या एकत्र कुटुंबासह राहत होते. वैमानिकाचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले. तेथे विमाने लोकांच्या घरीही बांधली जातात. त्यासाठी त्या देशात स्वतंत्र नियम आहेत. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असावे लागते. ते सिद्ध करण्यासाठी त्याला कामाची वही आणि छायाचित्रे ठेवावी लागतात. सरकारी तपासनीस विमान पाहतो. मग वस्तीपासून दूर, प्रवासी न घेता, ठराविक तास ते उडवून दाखवावे लागते. विमानावर ‘प्रायोगिक’ असा शब्द लिहावा लागतो, म्हणजे त्यात बसणाऱ्याची फसगत होत नाही. अशी हजारो विमाने त्या देशाच्या नोंदवहीत आहेत.

भारतात परतल्यावर यादव यांनी ठरविले, की आपणही विमान बांधावयाचे. आधीचे प्रयत्न तडीस गेले नाहीत. मग त्यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवरच सहा आसनांचे, एका इंजिनाचे विमान बांधावयास घेतले. इमारतीला उद्वाहक नव्हता. यंत्रे, अवजारे आणि धातूचे पत्रे अरुंद जिन्याने वर न्यावे लागले. दिवसा प्रवासी विमाने चालवावी आणि उरलेल्या वेळात गच्चीवर येऊन आपले विमान जोडावे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. घरच्या माणसांनी त्यांना वेड्यात काढले नाही. उलट कुटुंबाने आपली पुंजी या कामात घातली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यादव रोज जे विमान चालवीत, त्याचे सारे कागद तयार असत. ते पाहिल्यावाचून उड्डाण होतच नसे. त्यांच्या स्वतःच्या गच्चीवरील विमानाजवळ मात्र एकही कागद नव्हता. २०११ साली त्यांनी नोंदणीसाठी धडपड सुरू केली. विमान बांधण्याचे काम कठीण होतेच. पण त्या कामात हातोड्याखाली पत्रा वाकतो, हे तरी डोळ्यांना दिसते. कागदाचे काम तसे नसते. अर्ज करावा, उत्तराची वाट पाहावी, विचारलेले पुन्हा लिहून द्यावे आणि पुन्हा वाट पाहावी. त्यातच २०१४ साली नियम बदलले आणि हौशी माणसाने बांधलेल्या विमानाच्या नोंदणीची वाट बंद झाली. विमान गच्चीवर आकार घेत होते. परंतु देशाच्या वहीत त्याला जन्मच मिळत नव्हता!

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उद्योगधंद्यांचे एक मोठे प्रदर्शन भरले. यादव यांनी आपले विमान तेथे मांडण्याचे ठरविले. ते सुटे करून, यारीच्या साह्याने गच्चीवरून खाली उतरविण्यात आले. त्या दिवशी ते प्रथमच आकाशात लोंबकळले, पण पंखांच्या बळावर नव्हे, दोराच्या! प्रदर्शनात हजारो लोकांनी ते पाहिले. महाराष्ट्राचे त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या प्रकरणी लक्ष घातले. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाची नोंदणी झाली. त्याला अक्षरे मिळाली, ‘व्हीटी-एनएमडी’. ज्यांच्या साह्याने हा कागद मिळाला, त्या पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांची आद्याक्षरे त्यांत गुंफलेली आहेत.

जन्मदाखला मिळाला, पण उडण्याची परवानगी अजून दूर होती. ती मिळावयास ऑक्टोबर २०१९ उजाडले. आणि तीही केवळ चाचणीपुरती. मग वऱ्हाडच्या शेजारी, खानदेशातील धुळ्याच्या धावपट्टीवर विमान नेण्यात आले. ऑगस्ट २०२० मध्ये तेथे त्याने चाचणीचे उड्डाण केले. जिन्याने वर चढविलेल्या पत्र्यांनी जमीन सोडली. नोंदणीच्या पहिल्या धडपडीपासून तोवर नऊ वर्षे लोटली होती.

ही हकीकत ऐकली, म्हणजे कोणालाही वाटेल, की हे सारे कागद म्हणजे साहसी माणसाच्या पायातील बेडी आहे. परंतु थोडा विचार केला पाहिजे. विमान म्हणजे घराच्या अंगणात फिरविण्याची गाडी नव्हे. सायकलीची साखळी निखळली, तर स्वार खाली उतरून ती बसवितो. आकाशात खाली उतरून पाहण्याची सोय नाही. विमानाचे वजन किती, त्याचा तोल नेमका कोठे आहे, दांडा डावीकडे वळविला असता पंखांवरील झडपा योग्य दिशेने हलतात की उलट, इंजिन जमिनीवर किती वेळ न अडखळता चालते, हे सारे उडण्यापूर्वी पाहावे लागते. ज्याने विमान बांधले, त्याची नजर प्रेमाने आंधळी झालेली असण्याचा संभव असतो. म्हणून दुसऱ्या, परक्या डोळ्यांनी ते तपासावे, हेच शहाणपणाचे. शिवाय विमान पडले, तर ते केवळ वैमानिकावर पडत नाही. खाली पऱ्हाटी वेचणारी माणसे असतात, शाळा असतात, घरे असतात. त्यांनी विमानात बसण्याचे कबूल केलेले नसते. तो कागद त्यांच्यासाठीही असतो.

आणखीही एक उपयोग आहे. कागद म्हणजे साक्ष. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान पहिल्या खेपेस अवघे बारा सेकंद उडाले. त्याचे पंख सुती मलमलीने मढविलेले होते. परंतु त्या बारा सेकंदांचे छायाचित्र आहे, पाहणारी पाच माणसे होती, वडिलांना केलेली तार आहे. म्हणून सारे जग ते उड्डाण मानते. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले, असे महाराष्ट्रात अभिमानाने सांगितले जाते. परंतु त्या दिवसाची खात्रीची नोंद हाती नसल्यामुळे इतिहासाला ती गोष्ट स्वीकारता येत नाही. यादव यांच्या विमानाबद्दल शंभर वर्षांनी असा वाद होणार नाही. त्याचे नाव वहीत आहे.

तरीही एक प्रश्न उरतोच. परीक्षा कठीण असावी, यात दुमत नाही. पण परीक्षेला बसावयाचे दारच बंद असले तर काय करावे? ज्याच्या विमानाकडे मुख्यमंत्र्यांचे लक्ष गेले, त्याला अखेर दार उघडले. ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही, अशा एखाद्या खेड्यातील कुशल हातांचे काय? नियम करणाऱ्यांनी नव्या वस्तूसाठी वहीत एक कोरे पान नेहमी राखून ठेवावयास हवे. बांधणाऱ्याने आपले काम तपासू द्यावे आणि तपासणाऱ्याने ते वेळेवर तपासावे. या दोन्ही गोष्टी घडल्या, तरच धाडस आणि सुरक्षितता एकत्र नांदतात.

अकोल्याजवळ शिवणी येथेही एक धावपट्टी आहे. वऱ्हाडातील एखादी मुलगी किंवा मुलगा उद्या स्वतःचे विमान बांधील आणि ते बेलोऱ्याच्या किंवा शिवणीच्या धावपट्टीवर आणून उभे करील, हे मुळीच अशक्य नाही. त्या दिवशी लोक पंख पाहतील, चाके पाहतील आणि टाळ्या वाजवितील. पण एखादा म्हातारा शेतकरी पुढे होऊन, गाठीवरील खूण पाहावी तशी, विमानावरील ती पाच अक्षरे वाचील आणि विचारील, “पोरी, दाखला आहे ना?” तिने खिशातून घडी केलेला कागद काढून त्याच्या हातावर ठेवावा.