तीन स्वामींचा होन

तंजावरात सोनं पवनात मोजतात. पवन म्हणजे आठ ग्रॅम, जवळपास इंग्रजी सॉव्हरिनचं वजन. आमच्या मराठी घरात मात्र आजी शेवटपर्यंत तोळ्यांत बोलली. तिच्या माळेत 1918 चं, मुंबईत पाडलेलं एक सॉव्हरिन होतं. मुंबईत सॉव्हरिन पाडलं गेलं ते त्या एकाच वर्षी. खूण म्हणून सालाच्या वर बारीक ‘आय’ अक्षर. ते शोधायला मी भिंग हातात घेतलं आणि मग ते खाली ठेवलंच नाही.

नोकरी लागल्यावर पहिला सोन्याचा होन घेतला. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासला पाडलेला, तीन स्वामींचा: मधे देव, दोन्ही बाजूंना देवी, मागे नुसते दाणे. शर्टाच्या बटणाएवढं नाणं, वजन साडेतीन ग्रॅमच्या आतच. पण माझ्या होनावर तीन उंचवटे होते, बस्स. चेहरे कुणाचेच नव्हते. काही वर्षांनी तो देऊन आणि वर पैसे घालून दुसरा घेतला, त्यावर देवींचे हात होते. तिसऱ्यावर मुकुट सुटे दिसू लागले आणि मागच्या दाण्यांमधल्या खाचाही. दर पायरीला सोनं जवळपास तेवढंच, किंमत मात्र चढती, आणि वरच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर डोळ्याला जितकं कमी तितकं खिशाला जास्त. तरी मला हा व्यवहार कधी महाग वाटला नाही. झिजलेलं नाणं बाजाराबद्दल सांगतं, ते किती हातांतून गेलं ते. कोरं नाणं ठसा कोरणाऱ्या कारागिराबद्दल सांगतं. मला त्या कारागिराला भेटायचं असतं.

अशी नाणी उरली थोडी. 1818 मध्ये मद्रास इलाख्यात रुपया हे प्रमाण नाणं झालं, शंभर होनांना साडेतीनशे रुपये असा दर ठरला, आणि पुढे कितीतरी होन सोनाराच्या मुशीत गेले. बाकीच्यांना कडी डागली गेली, ते कासुमालेत, म्हणजे नाण्यांच्या माळेत, ओवले गेले. कडी काढली तरी डाग राहतो. त्याहून वाईट म्हणजे विकण्याआधी मारलेलं पॉलिश. भिंगाखाली बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं आणि ते कशानेच जात नाही.

विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने 1949 मध्ये नाण्यांसाठी सत्तर गुणांची पट्टी मांडली, आता ती जगभर वापरतात. पण शंभर वर्षांवरचं नाणं आपल्याकडे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला प्रत ठरवून घ्यायलाही देशाबाहेर धाडता येत नाही. म्हणून माझ्या होनांची प्रत मी, भिंग आणि काटा मिळून ठरवतो.

आणि प्रत ठरवणं तंजावरला नवीन नाही. बृहदीश्वराच्या देवळात गेली की मराठी मंडळी सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा लेख शोधतात, ते बरोबरच आहे. मी मात्र राजराज चोळाच्या लेखांपाशी जास्त वेळ थांबते. देवाला दिलेले दागिने तिथे एकेक करून नोंदले आहेत. सोनं ‘आडवल्लान’ नावाच्या वजनाने तोललेलं, कळंजु आणि मंजाडी या मापांत. मोती गोल की गोलसर, हेही लिहिलेलं. हिऱ्यांत कुठे ठिपके आहेत, कुठे चीर गेली आहे, तेही लपवलेलं नाही. हजार वर्षांपूर्वी कुणी कारकून एकेका खड्यावर वाकून हे पाहत होता, आणि खोट सापडली म्हणून खडा परत गेला नाही. खोटीसकट तो देवाच्या नावावर चढला.

माझा पहिला होन आता कुंभकोणमच्या एका शाळामास्तरांकडे आहे. त्यांचीही सुरुवात त्या तीन उंचवट्यांपासूनच झाली.

सध्या एका व्यापाऱ्याकडे स्टार पॅगोडा, म्हणजे ताऱ्याचा होन, आलाय. मागचा पाच टोकांचा तारा इतका धारदार मी आजवर पाहिला नव्हता. काठाला मात्र कुण्या सराफाने पारखताना मारलेला टोचा आहे. मोबदल्यात तो माझे दोन होन आणि वर रोख मागतो. पूर्वी असा टोचा दिसला की मी नाणं तिथेच परत करायची. या वेळी टोच्याची लांबी मोजून वहीत लिहून आणली आहे. दोन्ही होन द्यायची तयारी आहे, रोख रकमेवर बोलणं चालू आहे.