आजीचं काळीज

वसईहून वडोदऱ्याला आमच्याकडे आलेली आजी उजव्या बरगडीखाली हात दाबून म्हणाली, "काळीज दुखतंय गं." मला काळीज म्हणजे हृदयच ठाऊक. गुजराती डॉक्टरांना मी ऐटीत सांगितलं, "हार्ट." ईसीजी नॉर्मल आला. दोन दिवसांनी सोनोग्राफीत दिसलं, सूज लिव्हरला होती.

मग शब्दकोश उघडला. संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृत. त्याचं प्राकृतात 'कालिज्ज', मराठीत काळीज, गुजरातीत काळजुं. खाटकाकडची कलेजीही तीच. माया, धीर, दुःख सगळं तिथेच राहतं असं मानता मानता शब्द हृदयाकडे सरकला. 'काळजी'सुद्धा त्याच घरातली.

म्हणजे मी मध्ये बोलले नसते, तर डॉक्टरांना आजीचं कदाचित थेट कळलं असतं!

आजी आता बरी आहे. तिचा शब्द बरोबर होता. तिचा हात कुठे आहे, तेवढं मी पाहिलं नव्हतं.