सही मागे घेतो

ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या पुण्याच्या डायना पंडोले यांनी एमआरएफची राष्ट्रीय सलून कार स्पर्धा जिंकली. मोटार शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. बातमी वाचून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, मलाही रेसिंग शिकायचंय." मी पेपरची घडी घातली आणि नाही म्हणालो.

नुसत्या 'नाही'वर ती गप्प बसणारी नाही. मग मी पुरावे गोळा करायला बसलो. त्यासाठी निवडली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत. अडीच मैलांचा लंबगोल ट्रॅक, दोनशे फेऱ्या, सुरुवात 1911 साली. मला अपघातांची यादी हवी होती आणि ती मिळालीही. 1953 आणि 1954 ची शर्यत लागोपाठ जिंकणारा बिल वुकोविच 1955 मध्ये आघाडीवर असतानाच गेला. 1964 मध्ये दुसऱ्याच फेरीत गाड्या पेटल्या. एडी सॅक्स आणि डेव्ह मॅक्डोनाल्ड गेले. वाचताना हात थांबत होता, तरी लिहीत होतो. मुलीला दाखवायचं होतं ना!

पण त्याच पानांवर पुढची हकीकतही होती. 1964 च्या आगीनंतर पेट्रोल मागे पडून मेथॅनॉल आलं, कारण त्याची आग पाण्याने विझते. 2002 मध्ये वळणांवरच्या काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी नळ्यांची, मागे फोम लावलेली दुसरी भिंत आली. गाडी आदळली तर धक्का भिंतीने सोसावा, माणसाने नव्हे. त्याआधी, 1911 च्या पहिल्याच शर्यतीत इतरांच्या शेजारी मागचं बघायला मेकॅनिक बसलेले असताना रे हॅरून एकटा होता. त्याने गाडीवर आरसा बसवला आणि ताशी सुमारे 120 किलोमीटरच्या सरासरीने जिंकला.

सगळ्यात जास्त हलवलं ते आरी लायनडाइकने. 1996 च्या पात्रता फेरीत त्याने चार फेऱ्यांची सरासरी ताशी 381 किलोमीटर गाठली. पुढच्याच वर्षी खर्च आणि वेग दोन्ही आवरण्यासाठी इंजिनांचे नियम बदलले. 1997 मध्ये तोच लायनडाइक पात्रता फेरीतल्या 351 च्या सरासरीने पहिल्या जागेवरून सुटला आणि शर्यत जिंकला. 381 चा विक्रम अजून मोडलेला नाही. वेगासाठीच जगणाऱ्या माणसांनी स्वतःहून वेग कमी केला, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता माझं सांगतो. जानेवारी 2019 मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली, तेव्हा विरोधाच्या निवेदनावर माझीही सही होती. गावात ताशी तीस-चाळीसने जायला हेल्मेट कशाला, असं मी चारचौघांत ठासून बोलायचो. माझी मुलगी रोज नवले पुलाच्या उतारावरून स्कूटरने कॉलेजला जाते. तिथल्या अपघातांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचतो आहे. त्या रस्त्याला मी कधी नाही म्हटलं नाही, तिच्या डोक्यावर हेल्मेट आहे का हेही पाहिलं नाही. नाही म्हटलं ते हेल्मेट, पट्टे, अग्निरोधक कपडे आणि शिकवणारा माणूस असलेल्या जागेला.

ती आता दर रविवारी कार्टिंग शिकायला जाते. मी तिला सोडायला जातो, स्कूटरवर दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असतं. 2019 मध्ये माझ्याबरोबर उभ्या राहिलेल्या मित्रांनो, त्या निवेदनावरची माझी सही मी मागे घेतो आहे. तुम्हीही घ्या.